पोट उघडलंच आहे तर

माझं दुसरं लग्न ठरलं ते माझ्या ऑपरेशनमुळे. रंग, उंची, शिक्षण वगैरे गोष्टी नंतर आल्या. तासगावच्या वधूवर केंद्रातल्या बाईंनी माझ्या वडिलांना फोन केला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "मुलीचं ऑपरेशन झालंय ना?" वडील म्हणाले, "झालंय." बाई म्हणाल्या, "मग काळजी सोडा. त्यांना तशीच पाहिजे."

यात नवल काही नव्हतं. बिजवराच्या पदरात पहिलीची पोरं असली की ऑपरेशन झालेली विधवा बघायची, ही आमच्या भागातली जुनी रीत. तिला स्वतःचं मूल होणार नाही, म्हणजे ती पहिलीच्या पोरांशी दुजाभाव करणार नाही आणि रानाला तिसरा वाटेकरी येणार नाही. बाईच्या पोटातल्या दोन नळ्या बांधलेल्या असल्या की अख्खं घर निवांत झोपतं.

माझ्या नळ्या बांधल्या तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. जतकडच्या माझ्या पहिल्या सासरी असताना दुसरा मुलगा सिझरने झाला. डॉक्टरांनी टेबलावरूनच बाहेर निरोप पाठवला, "दोन मुलगे झालेत. पोट उघडलंच आहे तर एकदमच करून टाकायचं का?" बाहेरून होकार आला. मला फक्त कमरेखाली बधिर केलं होतं, डोकं चांगलं जागं होतं, पण विचारायचं ते बाहेर विचारलं गेलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दोन मुलग्यांची आई म्हणून मी मिरवत होते.

पुढे नवरा विहिरीवरच्या मोटरचा शॉक बसून गेला. वर्षश्राद्ध झालं आणि सासऱ्यांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोरगी तरणी आहे, तिचं दुसरं बघा. पोरं आमच्या वंशाची, ती इथंच राहतील." वडिलांनी मान डोलावली. मीही फार भांडले नाही, कारण भांडून जायचं कुठे हे मला माहीत नव्हतं. दिवाळीला एकदा भेटायची परवानगी मिळाली, तीही घरच्या कुणासमोर.

अशी मी, प्रणाली, तासगावजवळ झांबऱ्यांच्या घरात आले. घर द्राक्षबागेचं आणि बेदाण्याच्या शेडचं. संग्राम, म्हणजे माझा आताचा नवरा, मितभाषी आणि मवाळ माणूस. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, तशा या आत्या. तोंडाने फटकळ, पण उपाशी कुणाला ठेवणार नाहीत. मुलगी ईश्वरी आणि तिच्या पाठचा विहान. त्यांची आई स्नेहल विहानच्या बाळंतपणानंतर काविळीने गेली. आमच्याकडे दुसरेपणाची बाई पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते आणि तिच्या आईबापांना आपले आईबाप मानते. लग्नादिवशी तो टाक माझ्या गळ्यात घालताना स्नेहलचे वडील, नाना, ढसाढसा रडले. "आता तू माझी लेक," असं म्हणाले. माझी निवड त्यांनीच केली होती. शेडही त्यांच्याच जागेत उभी होती, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

मला पोरांचा लळा लागायला वेळ लागला नाही. विहान तर मला सोडून झोपेना. ईश्वरी थोडी दबकून असायची, पण वेणी माझ्याच हातची हवी असायची. ती मला मम्मी म्हणायची, आई म्हणायची नाही. आई भिंतीवरच्या फोटोत होती. नाना दर सोमवारी यायचे, पोरांना मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या लेकीची पोरं." मी चहा ठेवायला आत जायचे. पहिल्या घरची पोरं त्यांच्या वंशाची, या घरची पोरं त्यांच्या लेकीची. माझं असं काय, हा विचार चहा उकळेपर्यंत डोक्यात यायचा आणि मग कामात विरून जायचा.

मग सरकारची ती प्रचाराची गाडी गावात आली.

गेली काही वर्षं शाळा ओस पडत चालल्या होत्या. आमच्या गावच्या पहिलीत चारच पोरं बसत होती. कामाला माणूस मिळेना म्हणून बेदाणा निवडायला यंत्रं आली. ज्या सरकारने माझ्या आजीला नसबंदीच्या शिबिरात नेऊन तिचं ऑपरेशन केलं, त्याच सरकारला आता पोरं कमी पडायला लागली. त्यांनी 'नवी वाट' नावाची योजना काढली. पस्तिशीच्या आतल्या ऑपरेशन झालेल्या बाईला नवी नळी बसवून मिळणार, तीही फुकट. गाडीवरच्या मोठ्या पडद्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं आणि खाली मिरजेच्या केंद्राचा फोन नंबर होता. आत्या म्हणाल्या, "मेल्यांना दुसरे धंदे न्हाईत. एकदा बांधलेलं सोडतंय का कुणी?"

सोडत होतं. शेजारच्या गावात एका बिजवराच्या बायकोने नळी बसवून घेतली आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. पहिलीच्या दोन मुलींना नवऱ्याने आश्रमशाळेत ठेवलं. ही बातमी आमच्या भागात वाऱ्यासारखी पसरली. त्या बाईला लोक काय काय बोलले ते लिहायचं नाही. नवऱ्याला कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून वधूवर केंद्रातल्या बाईंचा प्रश्न बदलला. ऑपरेशन झालंय ना, हे विचारण्यात अर्थ राहिला नव्हता. आता त्या विचारायच्या, "पिशवी काढलीय का? नसली तर काढायची तयारी आहे का?" रस्ता पुन्हा बांधता येतो म्हणून लोकांनी घरच पाडायचं ठरवलं. पंचविशीतल्या विधवा पोरी लग्नाआधी गर्भपिशवी काढून घ्यायला लागल्या. अशी ऑपरेशनं बिनबोभाट करून देणारे दवाखाने निघाले, आणि कारण काय लिहायचं ते तिथे सगळ्यांना पाठ होतं.

त्या सोमवारी नाना पोरांना मांडीवर घेऊन बसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि हात जोडले.

"पोरी, तुझ्यावर माझा संशय न्हाई," ते म्हणाले. "तू या पोरांना फुलासारखं जपलंस. पण माणसाचं मन कधी फिरंल सांगता येत न्हाई. आज न्हाई, उद्या वाटंल. तुझ्या न्हाई तर संग्रामच्या मनात यील. तवा त्या वाटंला जायाचंच नको. पिशवी काढून टाक. मी सोता दवाखान्यात बसतो."

मी संग्रामकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता.

"नाना, मला काही त्रास नाही तिचा," मी म्हणाले.

"तरास व्हायच्या आधीच काढायची असती," आत्या मध्येच बोलल्या. "माझी काढली की. काय बिघडलं माझं?"

आत्यांची पन्नाशीत काढली होती, रक्त थांबेना म्हणून. मी तेहतीस वर्षांची होते. मला राग आला, पण समोर म्हातारा माणूस हात जोडून रडत होता. त्याची लेक मेली होती आणि लेकीच्या पोरांचं काय होईल या भीतीने तो पोखरला होता, हेही मला दिसत होतं. मी म्हणाले, "उन्हाळ्यातला बेदाण्याचा हंगाम उरकू दे. मग बघू." त्यांनी ते होकार म्हणून घेतलं.

त्याच वर्षी दिवाळीला मी जतला गेले. थोरला आता माझ्या खांद्याला लागला होता. तो मला बघून मागच्या दाराने बाहेर गेला आणि मी निघेपर्यंत आला नाही. धाकट्याला त्याच्या काकूने पुढे ढकललं. त्याने वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "नमस्कार मावशी." त्याला तसं शिकवलं होतं. तो गोड पोरगा आहे, शिकवलेलं नीट म्हणतो. मी त्याला चिवड्याचा डबा दिला आणि एसटीत बसून गावापर्यंत रडले.

घरी आल्यावर मी संग्रामला म्हणाले, "मला एक मूल पाहिजे. माझं. जे कुणी ठेवून घेणार नाही आणि ज्याच्यापुढे मला कुणाच्या नावाचा टाक घालून उभं राहावं लागणार नाही."

मला वाटलं तो घाबरेल. तो म्हणाला, "मलाबी पाहिजे." त्याचे डोळे भरले होते. तेवढ्या क्षणापुरता तो मला फार आवडला. मग म्हणाला, "पण गुपचूप करू. एकदा दिवस गेले की कोण काय करणार? नाना दोन दिवस बोलतील आणि गप बसतील."

ही आमची मसलत. यात शहाणपण किती होतं ते आता कळतं, पण तेव्हा मला त्या माणसाचा आधार वाटला.

मिरजेच्या केंद्रात डॉक्टर नंदिता हुद्दार होत्या. मोजकं बोलणारी, समोरच्याला कळलं का ते डोळ्यांत बघून तपासणारी बाई. त्यांनी आधी मला माझंच ऑपरेशन समजावून सांगितलं, दहा वर्षांत पहिल्यांदा.

"बीज तुमच्या अंगात दर महिन्याला तयार होतंच आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी ठणठणीत आहे. फक्त मधली नळी तोडलेली आहे. बीज नळीच्या तोंडाशी येतं, पुढे वाट नसते, तिथेच विरून जातं. पूर्वी यावर दोन उपाय होते. तोडलेली टोकं पुन्हा जोडायची, पण त्याला मुळात नळी पुरेशी शिल्लक लागते. तुमची सिझरच्या वेळी बांधताना मोठा तुकडा गेलाय. नाहीतर टेस्ट ट्यूब बेबी. त्यात नळीचा नादच सोडायचा. बीज सुईने काढायचं, बाहेर फळवायचं आणि पिशवीत ठेवायचं. दर वेळी जमतं असं नाही."

"मग ही नवी नळी प्लॅस्टिकची असते का?"

"नळी म्हणजे नुसता पाइप असता तर प्लॅस्टिकचीही चालली असती. नळीच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, मखमलीसारखे. ते सगळे मिळून एकाच दिशेला हलतात, पिशवीकडे. त्या हालचालीवरच गर्भ पुढे सरकतो. ही हालचाल प्लॅस्टिकमध्ये येत नाही. म्हणून आम्ही तुमच्याच नळीच्या टोकातल्या पेशी घेतो आणि उबदार पेटीत रेशमाच्या जाळीवर वाढवतो. त्यांना अगदी सौम्य वीज देत राहिलं की केसांना दिशा लागते. मग ती नळी बेंबीतून आत घालून एका बाजूला बसवायची. रेशीम हळूहळू विरघळतं आणि तुमची स्वतःची नळी उरते."

माझ्याच अंगातलं काहीतरी पेटीत वाढतंय आणि शिकतंय, ही कल्पना मला फार आवडली होती. माहेरी जाऊन येतो असं घरी सांगून आम्ही नळी बसवून घेतली. मग डॉक्टरांनी मला पुन्हा समोर बसवलं. "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे केस कोवळे आहेत. धूर, विडी-सिगारेट, गंधकाची वाफ यांनी ते लुळे पडतात. वर्षभर यातल्या कशाजवळ जायचं नाही. केस थांबले तर गर्भ वाटेतच अडकतो, तिथेच वाढतो आणि नळी फुटते. पोटात आत रक्त साचलं की कधीकधी खांदा दुखतो. तसं झालं तर एक मिनिट थांबायचं नाही. कुठल्याही डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगायचं, की नळी बसवलीय."

गंधक म्हटल्यावर मी संग्रामकडे बघितलं. त्याने मान हलवली. "शेडात तू जायाचंच न्हाई," तो म्हणाला.

बेदाण्याला पिवळा रंग धरावा म्हणून आमच्याकडे गंधकाची धुरी देतात. हंगामात आमच्या शेडवर त्याचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा उतरतो. दर वर्षी धुरी दिल्यावर रॅक उघडून माल खाली घ्यायचं काम घरच्या बाईचं, म्हणजे माझं. यंदा मी मागे राहायला लागले. एकदा डोकं दुखतंय म्हणाले, एकदा विहानचा अभ्यास घ्यायचाय म्हणाले. तिसऱ्या वेळी आत्यांनी पदर खोचला.

"तुला काय मुंग्या लागल्यात काय गं शेडात? का आता नाजूक झाल्यासा?"

"आत्या, मला त्या वासाने मळमळतं."

"इतकी वरसं न्हाई मळमळलं ते." त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं. संग्राम तिथेच ताडपत्रीची घडी घालत होता. त्याने घडी आणखी नीट घातली. एका वाक्याचं काम होतं. आई, तिला नको पाठवू, मी जातो, एवढं म्हणायचं होतं. मी थोडा वेळ वाट बघितली आणि तोंडाला ओढणी बांधून शेडात गेले. मग रोजच जात राहिले, कारण एकदा गेल्यावर न जायला कारणच उरलं नाही.

पाळी चुकली तेव्हा मात्र मी सगळं विसरले. चाचणी केली, दोन रेघा आल्या. संग्रामने मला घट्ट धरलं. आम्ही दोघं न्हाणीघराच्या दाराशी वेड्यासारखे हसत होतो. मिरजेला जायचं ठरलं, पण माल व्यापाऱ्याला द्यायचा होता म्हणून चार दिवस पुढे ढकललं. मी मनात नावंही ठरवायला लागले होते. मुलगी असावी असं वाटत होतं.

सोमवार होता. मी शेडात रॅकपाशी वाकले आणि उजव्या ओटीपोटात कुणीतरी विळा फिरवावा तशी कळ आली. मी खाली बसले. घामाने अंग भिजलं. आत्यांनी लिंबूपाणी दिलं, ते उलटून पडलं. नाना आलेलेच होते, त्यांनी गाडी काढली. पोरं घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तीही गाडीत. जाताना माझा उजवा खांदा ठणकायला लागला आणि मला कळून चुकलं.

गावच्या दवाखान्यात नवीन आलेला तरुण डॉक्टर होता. त्याने पोट दाबलं, मी ओरडले. त्याने योग्य तोच प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती? दिवस गेल्याची शक्यता आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. "त्यातलं काय न्हाई, डॉक्टर. तिचं ऑपरेशन झालंय."

"दहा वरसं झाली," नाना म्हणाले. "म्हणूनच केली तिला."

डॉक्टरने मान हलवली. आमच्या भागात हे वाक्य ऐकलं की डॉक्टरही पुढचं विचारत नाहीत. अपेंडिक्स असेल म्हणाला. मी खांदा धरलेला बघून त्याने खांद्याचं विचारलं तर आत्या म्हणाल्या, क्रेट उचलून लचकला असंल. त्याने वेदनेचं इंजेक्शन भरायला घेतलं.

संग्राम कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. खांद्याचं डॉक्टर हुद्दारांनी सांगितलं तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो सलाइनच्या बाटलीकडे बघत होता.

मी वाट बघितली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण माझ्या पोटात रक्त साठत होतं आणि मी वाट बघत होते. मला माहीत होतं, मी बोलले की हे घर गेलं. दाराशी ईश्वरी विहानला पोटाशी धरून उभी होती. माझ्या तोंडून ते शब्द निघाले की मी तिच्या लेखी सावत्र होणार होते, आजपर्यंत मनातल्या मनात ती जिला भीत आली तीच बाई. नाही बोलले तर मरणार होते. गप्प राहून मरावं असं मला खरंच क्षणभर वाटलं. मग मला संग्रामचा संताप आला, आणि त्या संतापाने मी बोलले.

"डॉक्टर, मला दिवस गेलेत. मी नळी बसवून घेतलीय. ती फुटलीय."

डॉक्टरने इंजेक्शन खाली ठेवलं आणि ॲम्ब्युलन्सला हाक मारली. नानांनी ईश्वरीचा हात धरला आणि दोन्ही पोरांना बाहेर नेलं. ईश्वरी मागे वळून बघत होती. आत्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

सांगलीच्या एका खाजगी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा सगळे कॉटभोवती होते. मला वाटलं होतं कुणी नसेल. आत्यांनी पेजेचा चमचा माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "पी बाय. वाचलीस, लई झालं." नानांनी डोक्यावरून हात फिरवला. विहान कॉटवर चढून बसला. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता. मी त्या मायेने अगदी विरघळून गेले. मला वाटलं, माणसं मी समजत होते त्यापेक्षा खूप मोठी निघाली. मूल गेलं होतं, त्याचं दुःख होतंच. पण पुढे कधीतरी डॉक्टर हुद्दारांकडे जाऊन या सगळ्यांना सांगून दुसरं होईल, असंही मी त्या गुंगीत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी टाक्यांची पट्टी बदलायला नर्स आली. हसतमुख मुलगी होती. "चला, एक कटकट गेली तुमची," ती म्हणाली. "आता दर महिन्याचा त्रास नाही."

"म्हणजे?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग संग्रामकडे बघितलं, आणि ट्रे उचलून बाहेर गेली.

"काय केलंत?" मी विचारलं.

संग्रामने सांगितलं. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "नळी फुटलेली होती, ती काढली. मग डॉक्टर बाहेर आले. नाना म्हणाले, पोट उघडलंच आहे तर पिशवीबी काढा, एकदमच होऊन जाऊ दे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा प्रकार होऊ शकतो, काढली तर बरंच. सही मी केली."

"पिशवीला काही झालं होतं का?"

"न्हाई."

"मला विचारायचं होतंत."

"तू गुंगीत होतीस."

"उठल्यावर विचारायचं होतं."

"उठल्यावर तू न्हाई म्हणाली असतीस," संग्राम म्हणाला. तो रडत होता. मी त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला. तो ओल्या शर्टाने तसाच बसून राहिला.

मी कुठे गेले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी बाई घर सोडते. वडील म्हणाले, "झालं गेलं विसर, तुझं घर टिकलं." आणि खरंच टिकलं. नानांनी इरकली साडी आणली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तू खरी माझी लेक." ईश्वरी पंधरा दिवस माझ्याकडे वेणी घालायला आली नाही. मग एका सकाळी कंगवा घेऊन पाठ करून बसली. मी वेणी घातली. तिच्यावर मला राग धरता येत नाही, तिने काही केलेलं नाही. पण रात्री विहान कुशीत शिरतो तेव्हा कधीकधी मी त्याला दूर सरकवते आणि मग माझी मलाच लाज वाटते. संग्रामशी मी कामापुरतं बोलते. तो शेडात जास्त वेळ काढतो.

आमच्या भागात माझं नाव झालं. वधूवर केंद्रातल्या बाई माझं उदाहरण देतात. पिशवी काढायला कचरणाऱ्या पोरी त्या माझ्याकडे घेऊन येतात, दोन समजुतीचे शब्द ऐकायला. मी काय बोलते ते त्यांच्या लेखी महत्त्वाचं नसतं. मी हिंडतेफिरते, जेवते, मला घर आहे, पोरं आहेत, एवढं दाखवलं की पुरतं.

गेल्या आठवड्यात त्या तृप्तीला घेऊन आल्या. कवठेमहांकाळकडची पोरगी, चोवीस वर्षांची, कपाळ मोकळं. सोबत तिचे वडील होते. बाहेर आत्या त्यांना चहाबरोबर माझं कौतुक वाढत होत्या. मी तृप्तीला आत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. आजपर्यंत आलेल्या पोरींपुढे मी गप्प बसले होते. हिच्यापुढे मला बसवेना.

"हे बघ," मी म्हणाले, "ही जी बाहेर सांगतायत ती गोष्ट खोटी आहे. मी काढली नाही. मी बेशुद्ध असताना माझी काढली. मला कुणी विचारलं नाही. तुला विचारतायत तोवर नाही म्हण. डॉक्टरला सांग, पोलिसाला सांग, कुणालाही सांग. मी येते तुझ्याबरोबर."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुलगी आहे माझी, तीन वर्षांची. तिला सोबत आणू द्यायला मुलाकडचे तयार आहेत. बाकीचे कुणी तयार नाहीत. पिशवी काढली तर मुलगी माझ्यापाशी राहील, ताई."

मी माझी दोन जतला सोडून आले होते.

"माझं ठरलंय," तृप्ती म्हणाली. "बाबांना वाटतंय मी घाबरले म्हणून आणलंय त्यांनी. मला फक्त एवढंच सांगा, दुखतं किती? मुलीला उचलून घेता येतं का नंतर? ती सारखी उचलून घे म्हणते."

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. पहिले काही दिवस खोकलं तरी जीव जातो, पोटावर उशी धरून खोकायचं. दीड-दोन महिने मुलीला उचलायचं नाही, खाली बसून जवळ घ्यायचं. चाळिशीत येतात ते गरम वाफारे लवकर येतील. कंबर धरेल. तिने एकदाच विचारलं, "आणि मनाला?"

बाहेरून आत्यांनी चहाचे कप मागितले. मी तिला म्हणाले, "ते नंतर बोलू," आणि कप घेऊन उठले.